पहिला दिवस धरायचा नाही

मागच्या बुधवारी दुपारच्या सुट्टीत कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये डबा खात बसले होते. एप्रिलचा उकाडा, डोक्यावरचा पंखा फक्त आवाज करण्यापुरता फिरत होता. पलीकडच्या बाकावर माझी ज्युनियर तिच्याच वयाच्या एका मुलीला अपिलाची मुदत कशी मोजायची ते समजावत होती. ती मुलगी बोटांच्या पेरांवर दिवस मोजायची, मध्येच अडायची, पुन्हा करंगळीपासून सुरू करायची. शेवटी माझी ज्युनियर म्हणाली, "अगं, सोपं आहे. आमच्या मॅडम म्हणतात ना, सुतक मोजताना पहिला दिवस धरायचा, मुदत मोजताना सोडायचा." बाकावर हशा पिकला. एक ज्येष्ठ वकील हातातला घास तसाच ठेवून माझ्याकडे वळले. "वा मॅडम, हे आता मी वापरणार बरं का!" मी हसले. स्तुती झाली की घालतात तशी मान थोडी खाली घातली आणि पुन्हा भेंडीची भाजी खायला लागले.

वाक्य माझं नव्हतं.

ते नानांचं. "आमचे नाना म्हणायचे" एवढंच तर बोलायचं होतं. पोळीचा घास तोंडात होता हे काही कारण नव्हे. घास गिळून झाल्यावरही मी बोलले नाही. संध्याकाळी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरून स्टेशनकडे चालत निघाले, जांभळी नाक्याच्या गर्दीत कुणाची तरी भाजीची पिशवी गुडघ्यावर आपटली, आणि एकदम मनात आलं की आज आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशातून काहीतरी काढून घेतलं. घेतलं तेही भर सभेत, टाळ्या घेत.

नाना म्हणजे सरांच्या, माझ्या सीनियर वकिलांच्या, ऑफिसातले कारकून. सनद मिळाल्यावर 2006 साली मी सरांकडे लागले, तेव्हा नानांना तिथे वीसेक वर्षं झाली होती. जुन्या इमारतीचा पहिला मजला, लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. आत शिरलं की पहिल्यांदा वास यायचा. डिंक, डांबरगोळ्या, स्टॅम्पपॅडची शाई आणि पावसाळ्यात दमट कागदाचा आंबूस वास, सगळे एकात एक. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल. त्या रुमालांत बांधली होती माणसांची भांडणं, काही तर माझ्या जन्माआधीची. नाना पूर्वी कल्याणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यामुळे जगातलं कुठलंही अक्षर त्यांना वाचता यायचं. अर्जाच्या कडेला मारलेला तिरपा शेरा सरांनाही लागायचा नाही, तेव्हा कागद नानांकडे जायचा. ते चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद नाकाशी न्यायचे आणि प्रिस्क्रिप्शन वाचल्यासारखं वाचून दाखवायचे.

मी तेव्हा भारी विद्वान होते. केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायमूर्ती बसले होते आणि निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी सरांनी वकालतनामा हातात दिला, "याला तिकिटं लावून आण" म्हणाले, आणि मी जिन्यात येऊन थांबले. कुठली तिकिटं? पोस्टाची? कोर्ट फी स्टॅम्प वेगळा, वकील कल्याण निधीचं तिकीट वेगळं, हे पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. जिन्यात उभी असलेली मला बघून नानांनी काही न बोलता तो कागद घेतला, खिशातून तिकिटं काढली, जिभेने ओली केली आणि जिथे लावायची तिथे लावली. मला वाटलं, किती चांगला माणूस. नंतर कळलं, त्यांना फक्त वेळ वाचवायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सुई दिली. दाभणच ती, पांढरा जाड दोरा ओवलेली. "दावा शिव," म्हणाले. मी एलएलबी, आणि हा माणूस मला सुईदोरा देतोय! घरी आईला सांगितलं तर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने लहानपणी शिवण शिकवायचा केलेला प्रत्येक प्रयत्न मी उधळून लावला होता. डाव्या समासात तीन भोकं पाडायची, मधल्यातून सुई वर काढायची, वरच्यातून खाली, खालच्यातून वर, पुन्हा मधल्यात, आणि गाठ मागे. गाठ पुढे आली की नाना दोरा कापून टाकायचे. भोकं मजकुराच्या फार जवळ गेली तरी कापायचे. पहिल्या आठवड्यात एकच दावा मी चार वेळा शिवला. चौथ्या वेळी त्यांनी तो टेबलावर मधोमध उघडून ठेवला. पान उघडंच राहिलं. "जजसाहेबांनी पान उघडलं आणि ते आपोआप मिटलं, तर तुझा मुद्दा पण मिटला," एवढं बोलून ते जावक बुकात डोकं घालून बसले.

नाना प्रेमळ वगैरे नव्हते. आता त्यांच्याबद्दल लिहिताना हात आपोआप मऊ होतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. पहिले तीन महिने त्यांनी मला तारखांच्या डायरीला हात लावू दिला नाही. मागितली तर म्हणाले, "मुली लग्न करून जातात. डायरी इथेच राहते." मी त्या रात्री जेवले नाही. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात डायरी मिळाली होती, आणि तो सहाव्या महिन्यात परीक्षा देऊन बँकेत निघून गेला, तेव्हा मला जो आनंद झाला तो अजूनही चांगला आठवतो. शिवाय नाना कारण कधी सांगायचे नाहीत. अमुक कर म्हटलं की करायचं. का, ते चुकल्यावर कळायचं.

पाकिटाचं तसंच झालं. आम्ही एका गृहस्थांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती. आठवडाभराने ते पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, घर बंद असल्याचा. मी ते सरळ पट्टीने नीटस कापलं, आतली नोटीस फाइलला लावली आणि पाकीट कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. फार नेटकं काम केल्याचा आनंद झाला. नानांनी टोपलीत पाहिलं. वाकून पाकीट उचललं, तळहाताने टेबलावर सपाट केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. परत आलेलं पाकीट कधी उघडायचं नसतं. ते बंदच्या बंद कोर्टात द्यायचं असतं. बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर पोस्टाने पाठवलं म्हणजे पोहोचलं असं कायदा मानतो, पण आत काय होतं हे कापलेलं पाकीट कसं सांगणार? जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 मी परीक्षेत लिहिलं होतं. ते कलम म्हणजे हे कळकट पाकीट, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दिवशी नाना रागावले नाहीत. "अशिलाला काय सांगायचं ते ठरव," म्हणाले. पुन्हा नोटीस, पुन्हा पोस्टाची रांग. नशिबाने ते प्रकरण चेकचं नव्हतं. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते, मग समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याभरात तक्रार. तिथे दुसऱ्या पाकिटाला जागाच नसते.

फोनचं प्रशिक्षण वेगळंच. ऑफिसात काळा जाड फोन होता आणि त्याच्याजवळ दोरीने बांधलेली पेन्सिल. फोन आला की आधी नाव, मग नंबर, मग काम, मग वेळ, आणि शेवटी हे सगळं समोरच्याला वाचून दाखवायचं. "एका बाईंचा फोन होता, रडत होत्या" अशी चिठ्ठी मी एकदा सरांच्या टेबलावर ठेवली. नानांनी ती चिठ्ठी कितीतरी दिवस काचेखाली ठेवली होती, मला दिसेल अशी. त्या बाईंनी पुन्हा फोन केला नाही. कोण होत्या, कशासाठी रडत होत्या, आजही माहीत नाही.

डायरी अखेर हातात आली ती चौथ्या महिन्यात. त्यात तारखा असणार हे ठाऊकच होतं. पण समासात पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, नानांचं दुसरंच दप्तर मांडलेलं होतं. "साक्षीदार वयस्क, जिना चढत नाही, खालीच बसवणे." "दोघे भाऊ शेजारी नको." "फी बाकी, मागू नये, मुलगा दवाखान्यात." "हिला एकटीला बोलावणे, सासऱ्यासमोर बोलत नाही." वर वादीचं नाव, खटल्याचा नंबर, निशाणी पाचवर युक्तिवाद, आणि कडेला हे. निशाणी पाच म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज हे मला तोवर कळू लागलं होतं. सासऱ्यासमोर न बोलणारी बाई हासुद्धा खटल्याचाच भाग असतो हे त्या समासाने शिकवलं.

कोर्टात उभं राहायलाही नानांनीच शिकवलं, स्वतः कधी उभे न राहता. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, बघायचा, आपलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे ते टिपायचं, आधीची प्रकरणं किती वेळ खाणार याचा अंदाज बांधायचा. सर दुसऱ्या कोर्टात असतील तर पुकारा झाल्याबरोबर पुढे होऊन "कीप बॅक" मागायचं, म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने घ्या असं सांगायचं. मला पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही. पुकारा झाला, मी हात वर केला, शाळेत करतात तसा. नाना मागच्या भिंतीशी उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बस थांबवायची नव्हती." दुसऱ्या दिवसापासून सकाळी ऑफिस झाडणाऱ्या मावशींसमोर माझी "कीप बॅक"ची तालीम. मावशी केरसुणी टेकवून "द्या हो तिला" म्हणायच्या.

आणि मराठी. 1998 पासून जिल्हा कोर्टांची भाषा मराठी, पण माझं कायद्याचं शिक्षण इंग्रजीत. नाना जुनी खरेदीखतं मोठ्याने वाचायला लावत. "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप आदीकरून तदंगभूत वस्तूंसह." मिळकतीच्या चतुःसीमा, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस पायवाट. आज त्या ओहोळावर वीस मजले उभे आहेत आणि पायवाटेचा सर्व्हिस रोड झाला आहे, पण खतात ओहोळ अजून वाहतो. मला हे वाचताना उगाच भरून यायचं. नानांना नाही. "चतुःसीमा चुकली की दावा गेला," एवढंच त्यांचं रसग्रहण.

आता ते, जे सांगायचं टाळत होते.

2007 चा जून. 14 जूनची एक तारीख मी 14 जुलैच्या पानावर लिहिली. बाकी काही नाही, पानं चिकटलेली होती, दमट हवा. 14 जूनला पुकारा झाला, आमच्या बाजूने कुणी नव्हतं, समोरचे वकील हजर होते. दावा गैरहजेरीत निकाली निघाला. शहापूरकडचे एक आजोबा होते, बांधाचं भांडण. त्यांना आम्हीच सांगितलं होतं की या तारखेला यायची गरज नाही. दोन दिवसांनी बातमी कळली. मी डायरी उघडून बघितली तर 14 जुलैच्या पानावर माझं सुंदर अक्षर, आणि त्याच पानाच्या डोक्यावर लाल शाईत छापलेलं, शनिवार. दुसरा शनिवार. त्या दिवशी कोर्टच बंद. मी बंद कोर्टाची तारीख लिहिली होती आणि तो लाल शनिवार माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता.

सर बोलले नाहीत, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, नाना सांभाळून घेतील. पोस्टाने उशीर केला, शिपायाने नाव नीट पुकारलं नाही, असं काहीतरी अशिलाला सांगतील. नानांनी फोन उचलला, आजोबांच्या शेजाऱ्याचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्यासमोर धरला. "तू सांग. तारीख माझ्याकडून चुकली, असं सांग. आणि पुढे काय करणार ते लगेच सांग, नुसती माफी नको." पलीकडे कुणीतरी आजोबांना बोलवायला गेलं. तेवढ्या वेळात फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता आणि पावसाचा. नाना बाजूला बसून दाभणात दोरा ओवत होते, माझ्याकडे न बघता. आजोबा आले. मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं. मग आता मी कधी येऊ?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

दावा पुन्हा बोर्डावर घेण्यासाठी 30 दिवसांच्या आत अर्ज करता येतो. आम्ही चौथ्या दिवशी केला. खर्चाची रक्कम सरांनी भरली, दावा परत फाइलवर आला. आजोबा त्या तारखेला आसनगावहून पहिल्या लोकलने आले. येताना फडक्यात बांधून करवंदं आणली होती, सगळ्यांना वाटली, मलाही. त्याच संध्याकाळी नानांनी डायरी समोर ठेवून सांगितलं, तारीख लिहिली की पुढे वार लिहायचा. दरवेळी. तारीख चुकली तर वार बोंब मारतो. आणि मग मुदत मोजायला शिकवलं, ते सुतकाचं वाक्य तेव्हाचं. निकालाचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करायचे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं. लिमिटेशन ॲक्ट 1963, कलम 12 आणि कलम 4, हे मला माहीत होतं. नानांना कलमांचे आकडे ठाऊक नव्हते. त्यांचा एकही दिवस कधी चुकला नाही.

हे सगळं मी आता माझ्या ज्युनियरला शिकवते. दाभण नाही फारसं, बरंचसं ई-फायलिंगच असतं. तिच्या फोनवर सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मॅडम, ॲप असताना डायरी कशाला?" मी तिला समासातल्या पेन्सिलीबद्दल सांगितलं. सांगितलं म्हणजे, "आपण इथे बारीकसारीक टिपून ठेवतो" असं म्हणाले. *आपण.* पाकीट उघडायचं नाही, हेही "आपण". वार लिहायचा, "आपण". मी नानांसारखी गप्प बसत नाही. दहा मिनिटांत कारणासकट सगळं समजावते, आणि तिला ते दहा दिवसांत आठवेनासं होतं. मी चार वेळा शिवलेला दावा मात्र अजून बोटांत आहे. पण म्हणून तिचा दोरा कापायची माझी हिंमत नाही, आणि तो न कापणं हा चांगुलपणा आहे की आळस, तेही ठरत नाही.

नानांची सही कुठल्याच वकालतनाम्यावर नाही. असणारही नाही, ते वकील नव्हते. युक्तिवाद सरांच्या नावावर, निकालात हजर म्हणून सरांचं नाव, पुढे पुढे माझंही. नाना फक्त जावक बुकात सापडतात आणि त्या समासात. ज्या मुलीला लग्न करून जाणार म्हणून डायरी दिली नाही, तिचं लग्न झालं, तिने स्वतःचं ऑफिस थाटलं. नाना उद्घाटनाला आले होते. टेबलाचा ड्रॉवर उघडून बघितला, सुईदोरा दिसला नाही तसे जरा हिरमुसले. कोविडनंतर ते कोर्टात यायचे थांबले. कळव्याला मुलाकडे असतात. ठाण्याहून एक स्टेशन. मी शेवटची कधी गेले होते, ते आठवण्यासाठी मला डायरी बघावी लागेल.

शुक्रवारी रात्री फोन केला. सुनेने उचलला, मग बराच वेळ सरकत्या चपलांचा आवाज, मग नाना. आवाज बारीक झालाय, पण "बोल" तसंच. मी म्हटलं, नाना, तुमचं ते सुतकाचं वाक्य आता बाररूममध्ये फिरतंय. लोक माझं म्हणून सांगतायत. मी बोलले नाही, चुकलं माझं.

"कुठलं वाक्य?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. "मी असं म्हणायचो?" आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "बरं आहे की. कोणाची मुदत मोजताय?"

ज्युनियरचं अपील आहे, तीस दिवसांची मुदत, म्हटलं. निकाल 11 मार्चचा, नकलेचा अर्ज 16 ला, नक्कल तयार 30 मार्चला. पलीकडे शांतता. मागे टीव्हीवर कसलीतरी मालिका चालली होती, कुकरची शिट्टी झाली. मी गप्प राहिले. ते मोजत होते.

"पंधरा दिवस नकलेचे. पंचवीस एप्रिल," नाना म्हणाले. आणि जरा थांबून, "वार काय लिहिलाय पुढे?"

मी फोन कानाला धरूनच डायरी ओढली. 25 एप्रिलचं पान, ज्युनियरचं गोल अक्षर, अपील दाखल करणे, खाली दोन रेघा. वार लिहिलेला नव्हता. पानाच्या डोक्यावर मात्र छापलेला होता, लाल शाईत.

"चौथा शनिवार आहे, नाना."

"मग शुक्रवारी टाका," ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारून टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितलं.